ओट्सचं तयार पीठ घ्यावं का? दालचिनी मफिन करून बघितल्यावरचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, ओट्सच्या तयार पिठाचं पाकीट घेऊ नका, आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्यात तर नकोच नको. साधे जाड ओट्स आणा आणि लागतील तेवढेच मिक्सरला दळा. आता का ते सविस्तर लिहिते कारण मार्चपासून मे संपेपर्यंत मी ह्यात जवळजवळ अडीच किलो ओट्स घातलेत आणि आत्ता कुठे मनासारखे मफिन व्हायला लागलेत, तर दुसऱ्या कोणाचे पैसे नि सामान वाया जाऊ नये.

झालं असं की फेब्रुवारीत मिस्टरांचे रिपोर्ट आले, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं. ते जळगाव-भुसावळ रोज अप-डाऊन करतात, सकाळी सातच्या आत घर सोडतात, त्या वेळेला पोळी-भाजी घशाखाली उतरत नाही मग नाश्ता काय तर स्टेशनवरची कचोरी नाहीतर वडापाव आणि चहा, वर्षानुवर्षं हेच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं की सकाळी ओट्स खात जा. दुधातले ओट्स केले, दोन दिवस खाल्ले, तिसऱ्या दिवशी वाटी तशीच ओट्यावर. उपमा केला, पण तो गाडीत उभ्याने कसा खाणार, चमचा लागतो, आणि गार झाला की त्याचा गोळा होतो. तेव्हा वाटलं की हातात धरून चार घासात संपेल असं काहीतरी पाहिजे, तुकडे सांडणार नाहीत, डब्यात दबणार नाही. मला आधीपासून थोडंफार बेकिंग येतं, मुलांच्या वाढदिवसाला मैद्याचे कपकेक करायचे मी, म्हणून मफिन ठरले. आणि दालचिनी अशासाठी की तिच्या वासाने साखर कमी असली तरी गोड खाल्ल्यासारखं वाटतं, हे खरंच होतं, करून बघा.

ओट्सच का, तर त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा फायबर असतो. ओट्स शिजवले की जो बुळबुळीतपणा येतो ना, तोच तो. आतड्यात तो पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, असं ते काम चालतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, १९९७ मध्येच रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं ह्या हिशोबाने ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा छापायला परवानगी दिली. आता ३ ग्रॅम मिळायला साधारण ६० ते ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. माझ्या एका मफिनमध्ये २० ग्रॅम ओट्सचं पीठ जातं, म्हणजे दोन मफिन खाल्ले तर निम्म्याहून जास्त काम झालं, सगळं नाही. राहिलेल्यातलं थोडं संध्याकाळच्या ताकात किंवा भाजीच्या रश्श्यात चमचाभर ओट्स टाकून भरून काढते. आणि गोळी चालू आहे ती चालूच, मफिन खातोय म्हणून गोळी सोडायची नाही, हे मी घरात रोज सांगते.

आता पाकिटाबद्दल. एप्रिलमध्ये ऑनलाइन अर्धा किलोचं ओट फ्लोअर मागवलं, २१० रुपये. पाकीट दिसायला सुंदर, वर गव्हासारख्या ओंब्यांचं चित्र, मागे फायबर प्रोटीन सगळं लिहिलेलं. कात्रीने तोंड कापलं आणि पहिला वास आला तो असा, की दाण्याचा कूट डब्यात तळाशी महिनाभर राहिला की कसा येतो, तसा. चिमूटभर जिभेवर ठेवलं तर आधी काहीच नाही आणि मग मागे घशाजवळ कडू. मला वाटलं ओट्सचं पीठ असंच असेल, आपल्याला सवय नाही, बेक केल्यावर जाईल. नाही गेलं. दहाच्या दहा मफिन कडवट झाले, त्यात दोन अंडी, तेल, गूळ, माहेरची केळी, सगळं वाया. तारीख बघितली तर बनवून चार महिने झालेले आणि मुदत संपायला अजून पाच महिने बाकी. कंपनीला फोटो पाठवला, मेसेज केला, तर उत्तर आलं की ही ओट्सची नैसर्गिक चव आहे. ह्याचा मला खरंच राग आला, कारण ती नैसर्गिक चव नाही. ओट्स खाताना आपल्याला कधी कडू लागतात का?

कारण समजून घ्या म्हणजे तुम्ही फसणार नाही. ओट्समध्ये तेलाचा अंश बराच असतो, १०० ग्रॅममागे ७ ग्रॅमच्या आसपास, गव्हात दोनच्या जवळपास असतो. अख्खा दाणा किंवा चपटा केलेला ओट्स असतो तोवर ते तेल आत सुरक्षित राहतं, पीठ झालं की सगळ्या बाजूने हवा लागते आणि तेल खवट व्हायला लागतं. बाजरीचं पीठ आपण जास्त दिवस का ठेवत नाही? तेच कारण. आपल्याकडे कोणत्याही आजीला विचारा, बाजरी आठ-दहा दिवसांपुरतीच दळून आणायची नाहीतर भाकरी कडू होते. आणि हे ओट्सचं पीठ कुठल्या तरी गोडाऊनमध्ये चार महिने पडून, मग कुरिअरच्या गाडीत ४३-४४ डिग्रीत जळगावला आलेलं, त्याचं काय झालं असेल सांगा.

न्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं छोटं पाकीट पण आणलं, ते महिन्याभरापूर्वीचं होतं, ताजं निघालं, पीठ एकदम मऊ, मैद्यासारखं बारीक, त्याचे मफिन हलके झाले हे कबूल करते. पण भाव बघा, ते किलोला साडेचारशेच्या वर जातं आणि मी जाड ओट्स दाणा बाजारातून एकशेनव्वदला किलो आणते. तेवढ्या फरकासाठी मिक्सरचं बटण दाबायला काय हरकत आहे.

मिक्सरची पद्धत सांगते. ओट्स घ्यायचे ते जाड, रोल्ड लिहिलेले. झटपट शिजणारे बारीक ओट्स चालतात पण त्यांचं पीठ जरा चिकट होतं, आणि मसाला ओट्स चुकून घेऊ नका, त्यात मीठ-मसाला असतो. कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं नुसते गरम करायचे, रंग बदलू द्यायचा नाही, हात लावला की कुरकुरीत लागले पाहिजे, ह्याने ओलावा जातो आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा छान वास पण येतो. पूर्ण गार झाल्यावर छोट्या भांड्यात अर्धंच भरून थांबत थांबत फिरवायचं, सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि पीठ खाली चिकटून बसतं. मग पिठाच्या चाळणीने चाळायचं, वर जो रवा राहतो तो टाकून द्यायचा नाही, परत फिरवायचा, शेवटी चमचाभर उरतो तो मफिनवर भुरभुरवायचा. एवढंच.

एकदा गिरणीत पण नेले, किलोभर, मिक्सरचा कंटाळा आला म्हणून. पीठ मस्त बारीक आलं पण गरमागरम आलं आणि त्याला हरभऱ्याचा वास, माझ्या आधी कोणाचं तरी बेसनाचं दळण होतं. गिरणीत आधीच्या दळणाचं थोडं येणारच, त्यात त्या माणसाची काही चूक नाही. पण एक लक्षात ठेवा, ओट्समध्ये गहूवालं ग्लूटेन, म्हणजे पीठ लवचिक करणारं प्रथिन, नसतं म्हणून कोणी गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सीलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला त्रास होणारा आजार) असलेल्या माणसासाठी करत असाल तर गिरणीतलं अजिबात नको, आणि ओट्स पण ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या कारण शेतात नि कारखान्यात साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असू शकतो.

ग्लूटेन नाही ह्याचा मफिनवर काय परिणाम होतो ते मला पहिल्या दोन घाण्यांनी शिकवलं. मैद्याला लवचिकपणा असतो, फुगलेली हवा तो धरून ठेवतो. ओट्सच्या पिठाला ते जमत नाही. ज्वारीची विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कशी चिरते, तशी अवस्था. माझे पहिले मफिन ओव्हनमध्ये फुगले, मला आनंद झाला, आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटात मधून बसले, आतून ओलसर लगदा. म्हणून धरून ठेवायला काहीतरी द्यावं लागतं, अंडं नाहीतर भिजवलेल्या जवसाची पूड, आणि त्याच्या जोडीला पिकलेलं केळं.

केळ्याची आपल्याला काय कमी. माझं माहेर रावेरकडचं, घरची बाग, तिथून कोणी ना कोणी येताना फणी आणतंच. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी पेपरचं कात्रण जपून ठेवलेलं मला आठवतं. मफिनला मात्र ती पिवळीधम्मक देखणी केळी नकोत, सालीवर काळे ठिपके पडलेली, हाताला मऊ लागणारी, जी मुलं खायला नाही म्हणतात ती हवी, त्यांची गोडी वेगळीच असते आणि काट्याने दाबली की लगेच रस होतो.

तर आता माझं ठरलेलं प्रमाण, दहा मफिनचं. ओट्सचं पीठ २०० ग्रॅम, हे काट्यावर मोजूनच घ्या, वाटीने नको, कारण मैद्याची वाटी आणि ओट्स पिठाची वाटी ह्यात वजनाचा बराच फरक पडतो, ओट्सचं हलकं असतं, मैद्याच्या रेसिपीतली वाटी तशीच वापरली की पीठ कमी पडतं आणि मफिन बसतो, माझं तेच झालेलं. बेकिंग पावडर २ चमचे सपाट, सोडा पाव चमचा, मीठ चिमूटभर, दालचिनी पूड २ छोटे चमचे. दुसऱ्या भांड्यात दोन मोठी केळी दाबून, २ अंडी, अर्धी वाटी दही, ६० मिली तेल, ८० ग्रॅम किसलेला गूळ, हे सगळं गूळ विरघळेपर्यंत फेटायचं. मग कोरडं त्यात घालून हलवायचं. मैद्याच्या वेळी जास्त हलवू नका म्हणतात ना, नाहीतर चिवट होतो, ती भीती इथे नाही, बिनधास्त हलवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मिश्रण पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. लगेच साच्यात भरायचं नाही. सुरुवातीला ते पातळ दिसतं, धिरड्याच्या पिठासारखं पळीतून सरळ खाली पडतं, आणि आपल्याला वाटतं अजून पीठ घालावं. घालू नका. ओट्स पाणी हळूहळू पितात. पंधरा मिनिटांनी झाकण काढा, वर बारीक बारीक बुडबुडे आलेले असतात आणि चमचा उचलला की मिश्रण तुटून थबकन पडतं, मधोमध थोडा वेळ ढीग राहतो. तो ढीग दिसला की समजायचं तयार आहे. मी आधी हे करत नव्हते, रव्याचा केक भिजवून ठेवतो तसं इथेही लागेल हे सुचलंच नाही, आणि माझे अर्धे प्रॉब्लेम ह्या पंधरा मिनिटात सुटले.

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा ओव्हन, आधी १८० डिग्रीला दहा मिनिटं तापवून घ्या, मग २० ते २२ मिनिटं. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं तेव्हा २७-२८ लागतात, म्हणून घड्याळावर जाऊ नका, मधोमध काडी घालून बघा, कोरडी आली पाहिजे. मी आता पहाटेच करते, लाइट पण चांगली असते आणि मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघरात ओव्हन लावायची सोय नाही. ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी आप्पेपात्रात करा, खरंच सांगते, खूप छान होतात. खड्ड्यात तेलाचं बोट फिरवून पाऊणच भरायचं, एकदम मंद गॅस, झाकण, सात-आठ मिनिटांनी उलटायचे. छोटे छोटे, लालसर, मुलांच्या डब्याला तर हेच बरे पडतात.

तेलाबद्दल, आपल्याकडे घरात शेंगदाणा तेल असतं, मी एकदा घाण्याचं वापरलं तर दालचिनीचा वास पार झाकला गेला. भरीताला, शेवभाजीला जे तेल पाहिजे ते इथे नको. सूर्यफुलाचं किंवा कोणतंही वास नसलेलं घ्या.

दालचिनीचं पण लिहायलाच पाहिजे कारण बाजारात दालचिनी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा तज असतं. जाड, कडक, लाकडासारखी साल, तोडायला जोर लागतो, वास उग्र, तो तज, म्हणजे कॅसिया. खरी सिलोन दालचिनी पातळ पापुद्र्यांची असते, एकात एक गुंडाळलेले, बोटांनी चुरगळली तरी तुटते आणि वास गोडसर. पुलावाला तज उत्तमच, पण रोज खायचं असेल तर फरक पडतो, कारण तजामध्ये कुमारिन नावाचा घटक सिलोनपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि तो जास्त प्रमाणात रोज गेला तर लिव्हरला बरा नाही. युरोपात त्याची मर्यादा दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे लहान मुलांना ती फारच लवकर गाठली जाते. म्हणून मी फुले मार्केटजवळून पातळ काड्या निवडून आणते, महाग पडते, पण मिक्सरला पटकन बारीक होते आणि दहा मफिनना दोनच चमचे लागते. तयार पूड घेतली तर ती कशाची आहे ते कळायला मार्ग नाही.

हेल्दी शब्दाबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. गूळ घातला म्हणजे साखर नाही असं होत नाही, गूळ पण साखरच आहे, शुगर असलेल्या माणसाने मोकळेपणाने खावं असं हे नाही. फरक आहे तो प्रमाणात. माझ्या जुन्या मैद्याच्या कपकेकमध्ये २०० ग्रॅम मैद्याला १८० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम बटर जायचं, इथे ८० ग्रॅम गूळ, म्हणजे एका मफिनला ८ ग्रॅम. कॅलरी मी हिशोब केला तर एकाला २०० च्या आसपास येतात. तर हा नाश्ता आहे, पोळी-भाजीच्या जागी खायचा, जेवण झाल्यावर तोंड गोड करायला चहासोबत तिसरा-चौथा उचलला तर काही उपयोग नाही.

सासूबाई अमळनेरच्या, अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे करते. एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवलं की चिकट होतं. जवस आपल्या घरात चटणीला असतोच. बिनअंड्याचे थोडे दडस होतात, फुगतात कमी, पण चव उलट जास्त चांगली, जवसामुळे खमंग लागतात. पहिल्यांदा त्यांच्या ताटलीत ठेवला तेव्हा त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “हाई काय शे वं?” मी सांगितलं ओट्सचं आहे, मैदा नाही. अर्धा तोडला, वास घेतला, खाल्ला, काही बोलल्या नाहीत, मग उरलेला अर्धा पण खाल्ला आणि म्हणाल्या, “गोड कमी शे, पन चांगलं लागस.” पुरणाचे मांडे खापरावर हाताने टाकणारी बाई आहे ती, पिठातलं तिला कळतं, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

टिकण्याचं म्हणाल तर केळं आणि दही आहे त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर एकच दिवस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर चिकट लागायला लागतात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात घालून फ्रिजमध्ये चार दिवस आरामात राहतात, फ्रीझरमध्ये तीन आठवडे मी ठेवून बघितलेत. रात्री फ्रीझरमधून दोन काढून फ्रिजमध्ये खाली ठेवते, सकाळी तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं, झालं, तोपर्यंत मिस्टरांचे बूट घालून होतात. घरी दळलेलं पीठ उरलंच तर तेही फ्रिजमध्येच ठेवा, आणि वापरायच्या आधी नुसतं चिमूटभर चाखून बघा.

तर पाकिटाला माझ्याकडून पाचपैकी दीड, ते पण दुसरं पाकीट ताजं निघालं म्हणून. घरच्या मिक्सरच्या पिठाला साडेचार, अर्धा कापला तो चाळायला वेळ जातो त्याचा. तयार पीठ घ्यायचंच असेल, म्हणजे ज्यांना मिक्सर लावायला खरंच वेळ नाही किंवा हात दुखतात अशांनी, दुकानातून बनवल्याची तारीख वाचून महिन्याच्या आतलं, छोटंच पाकीट, नि ते पण थंडीच्या दिवसात घ्या, आणि उघडल्या उघडल्या आधी वास बघा, कडू असेल तर तिथल्या तिथे परत करा.

मिस्टर मार्चपासून आठवड्यातले पाच दिवस दोन मफिन नेतात, कचोरी आता शनिवारी एखादवेळ. मागच्या आठवड्यापासून त्यांच्या डब्यातले एकेक गाडीत वाटले जातात असं कळलं, म्हणून ह्या रविवारी दहाच्या जागी वीस करायचेत, ओट्स कालच आणून ठेवलेत आणि सासूबाईंनी फणीतली ठिपके पडलेली चार केळी आधीच बाजूला काढून ठेवलीत.